चावी फिरवण्याआधी…

चेन्नईत हिवाळा येतो तो पाऊस घेऊन. या दिवसांत गाडी बंद पडते पाण्यानं, पण निकामी होते ती बहुतेक वेळा मालकाच्या घाईनं. गाडीही वाचावी आणि गाडीत बसणारी माणसंही, असं वाटत असेल तर तयारी दसऱ्याआधीच करायला हवी.

हिवाळ्यात गाडी चालवायची म्हटलं की डोळ्यांपुढे बर्फ येतो. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर गाडी काढायची तर खास हिवाळी टायर लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलात चाकांना साखळ्या बांधतात. थंड मुलुखातला माणूस गाडीच्या डिकीत फावडं आणि ब्लँकेट ठेवूनच घराबाहेर पडतो. चेन्नईकराला यातलं काहीच लागत नाही. ऐन जानेवारीच्या पहाटेही तिथला पारा वीस अंशांच्या आसपास असतो. मात्र चेन्नईचा हिवाळासुद्धा गाडीची परीक्षा घेतोच. फक्त तिथे बर्फाऐवजी पाणी असतं.

महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त चेन्नईला गेलेल्या कुटुंबांची नेमकी इथेच फसगत होते. पुण्या-मुंबईच्या माणसाच्या अंगात पावसाचं एक वेळापत्रक मुरलेलं असतं. जूनला छत्री काढायची आणि आकाशकंदील लावायच्या सुमारास ती माळ्यावर टाकायची. गाडीची पावसाळी तपासणीही मे महिन्यात उरकायची. चेन्नईत हे सगळं उलटं. नैऋत्येकडून येणारे मोसमी वारे आपलं बहुतेक पाणी सह्याद्रीवर रिकामं करतात, त्यामुळे पलीकडच्या किनाऱ्याच्या वाट्याला थोडंच येतं. ऑक्टोबरच्या मध्यानंतर वारे दिशा बदलतात. ईशान्येकडून येताना ते बंगालच्या उपसागरावरची वाफ घेऊन येतात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोसळतात. चेन्नईत वर्षभरात साधारण १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत होतो. चक्रीवादळांचा हंगामही हाच.

त्यात शहर सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. कोसस्थलैयार, कूवम आणि अडयार या नद्यांना समुद्राकडे जाताना उतार असा फारसा मिळत नाही. समुद्राला भरती असेल तर पाणी मुखाशीच तुंबतं. वेलाचेरी, पळ्ळीकरणै, मुडिचूर ही नावं दर हिवाळ्यात बातम्यांत येतात, कारण एकेकाळी तिथे तळी आणि पाणथळ जागा होत्या. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही.

तीन डिसेंबर, तीन धडे

पहिला डिसेंबर २०१५ सालचा. नोव्हेंबरभर पडलेल्या पावसानं तळी आधीच काठोकाठ होती. त्यात १ तारखेला तांबरमला चोवीस तासांत सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस झाला. चेंबरम्बाक्कम तलावातून सोडलेलं पाणी अडयार नदीतून शहरात घुसलं. विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी आलं आणि विमानसेवा कित्येक दिवस बंद राहिली. ‘द हिंदू’ हे १८७८ साली सुरू झालेलं वर्तमानपत्र त्या दिवसांत एकदा निघू शकलं नाही, कारण कामगारांना छापखान्यापर्यंत पोचताच आलं नाही. वीज गेली, मोबाइल मुके झाले, एटीएम बंद पडली. खिशात कार्ड होतं, पण दुधाची पिशवी घ्यायला नोट नव्हती, अशी अनेकांची अवस्था झाली. धडा असा, की संकटाच्या पिशवीत रोख पैसे आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर हवेतच.

दुसरा डिसेंबर २०१६ चा. १२ तारखेला ‘वरदा’ चक्रीवादळ थेट चेन्नईजवळ किनाऱ्यावर आलं. या वेळी पाण्यापेक्षा वाऱ्यानं जास्त नुकसान केलं. हजारो झाडं उन्मळून पडली आणि त्यांच्याखाली उभ्या असलेल्या गाड्या चेपल्या. नोटाबंदी होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता, त्यामुळे रोख रकमेची चणचण होतीच. उन्हाळ्यात जे झाड गाडीला सावली देतं, तेच वादळात तिच्यावर कोसळू शकतं, हा या डिसेंबरचा धडा.

तिसरा डिसेंबर २०२३ चा. ‘मिचाँग’ चक्रीवादळ ३ आणि ४ तारखेला चेन्नईसमोरच्या समुद्रात रेंगाळलं आणि ५ तारखेला आंध्रात बापट्लाजवळ जमिनीवर गेलं. चेन्नईला त्यानं नुसता पावसाचा मारा दिला. पळ्ळीकरणै भागातल्या एका निवासी संकुलातून गाड्या खेळण्यांसारख्या वाहत जात असल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. कारपाक्कम भागात अडकलेल्यांना अग्निशमन दलानं होड्यांतून बाहेर काढलं. त्यांत तमिळ अभिनेते विष्णू विशाल होते आणि आमीर खानही होते. नामवंत असो वा सामान्य, पाणी दारात आल्यावर सगळ्यांना होडीचीच वाट पाहावी लागते. धडा हा, की गाडी कुठे उभी आहे याचा विचार पाऊस सुरू होण्याआधी करायचा असतो.

हा विचार चेन्नईकरांनी आता चांगलाच मनावर घेतला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हवामान खात्यानं लाल इशारा देताच वेलाचेरीच्या रहिवाशांनी आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ओळीनं लावल्या. आधीच्या पावसांतही हे दृश्य दिसलं होतं. बाहेरच्यांना त्याचं हसू आलं असेल, पण ज्यांची गाडी एकदा बुडाली आहे त्यांना त्यातलं शहाणपण कळतं. फक्त रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांना जाण्याइतकी वाट मोकळी ठेवायला हवी.

आधी गॅरेज, मग आयुध पूजा

तमिळनाडूत दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुध पूजा असते. गाडी धुऊन पुसून तिला चंदन-कुंकू लावतात, हार घालतात, चाकांखाली लिंबं ठेवतात आणि त्यांवरून गाडी पुढे नेतात. आपल्याकडे दसऱ्याला होते तशीच ही पूजा. तिचा मुहूर्त ईशान्य मोसमी पावसाच्या थोडा आधी येतो, ही मोठी सोय आहे. पूजेआधी आठवडाभर गाडी गॅरेजमध्ये नेऊन आणायची, एवढा एक नेम घरानं पाळला तरी अर्धी तयारी झाली.

सुरुवात वायपरपासून करावी. चेन्नईच्या उन्हात वायपरचं रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात. असा वायपर काच पुसत नाही, नुसता फराटे ओढतो. रबर बदलायला थोडकेच पैसे लागतात, पण रात्रीच्या पावसात समोरचा माणूस दिसणं न दिसणं त्यावरच ठरतं. काच धुण्याच्या पाण्याची टाकी भरून ठेवावी. एसीचा वारा काचेवर सोडणारी झडप चालते का, हेही पाहावं. बाहेर पाऊस आणि आत चार माणसं असली की काचेवर वाफ धरते, आणि हातानं पुसत गाडी चालवणं धोक्याचं असतं.

टायरच्या खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की त्याचं आयुष्य संपलं असं समजावं. नियमानुसार मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीची ०.८ मिलिमीटर खोल हवी. पावसाळ्यासाठी मात्र एवढ्या काठावर राहू नये. रस्त्यावरचं पाणी बाजूला सारण्याचं काम या खाचाच करतात. त्या गुळगुळीत झाल्या की टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक दाबूनही गाडी घसरत जाते. स्टेपनीत हवा आहे का, हे तर बहुतेक जण पंक्चर झाल्यावरच पाहतात. ते आधी पाहावं.

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर तपासून घ्यावी. उष्ण हवेत बॅटरी लवकर दमते आणि पावसात दिवे, वायपर, पंखा सगळं एकदम चालू असल्यानं तिच्यावर ताणही अधिक पडतो. ब्रेकची पॅडं, सगळे दिवे आणि हॉर्न बघून घ्यावेत. दारांची रबरं फाटलेली नाहीत ना, तेही पाहावं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यातली पाणी वाहून नेणारी भोकं कचऱ्यानं तुंबतात, ती साफ करून घ्यावीत. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेमुळे गाडीच्या पोटाला गंज लवकर धरतो, म्हणून खालून गंजरोधक लेप दिलेला बरा.

मेकॅनिकला एक प्रश्न आवर्जून विचारावा: या गाडीचं इंजिन हवा नेमकी कुठून आत घेतं? बॉनेट उघडून ती जागा स्वतः पाहून ठेवावी. बऱ्याच मोटारींमध्ये हे तोंड पुढच्या जाळीमागे, हेडलाइटच्या उंचीच्या आसपास असतं. गाडी किती पाण्यातून जाऊ शकते याची खरी मर्यादा हीच.

संकटाची पिशवी

डिकीत एक जलरोधक पिशवी कायमची असावी. तिच्यातलं सामान फार महाग नाही, पण प्रत्येक वस्तूमागे कारण आहे.

● टॉर्च आणि सुटे सेल. मोबाइलचा दिवा वापरला की मोबाइल लवकर संपतो. सोबत भरलेली पॉवर बँक असावी.

● काच फोडण्याचा छोटा हातोडा, पट्टा कापायच्या पात्यासह. हा मात्र डिकीत नको, चालकाच्या हाताशी हवा. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बंद गाड्यांत अडकून माणसं दगावली, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

● मजबूत दोरखंड, जंपर केबल, जॅक, पाना, लाल परावर्तक त्रिकोण आणि लहान अग्निशामक.

● दोन-तीन लिटर पिण्याचं पाणी, चिक्की, खाकरा, शेंगदाणे असा टिकाऊ खाऊ आणि जलसंजीवनीची पाकिटं. लहान मूल असेल तर त्याची दूध-पावडर आणि लंगोट.

● प्रथमोपचाराची पेटी आणि घरातल्या प्रत्येकाच्या नेहमीच्या औषधांचा दोन दिवसांचा साठा. हिवाळ्यात गावाहून मुलाकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या यात हव्यातच. कडक उन्हात तापलेल्या डिकीत औषधं खराब होतात, म्हणून हा डबा घरी तयार ठेवून निघताना सोबत घ्यावा.

● रेनकोट, टॉवेल, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि जाड तळाचे बंद बूट. चपला पाण्यात निसटतात आणि खाली काच, खिळे, उघडी गटारं असतात.

● एक लांब काठी. पायी निघायची वेळ आली तर पुढचं पाऊल टाकण्याआधी जमीन आहे की खड्डा, हे तीच सांगते.

● शिट्टी. ओरडून घसा बसतो, शिट्टी दूरवर ऐकू जाते.

● पन्नास-शंभरच्या नोटांत थोडी रोकड. गाडीची कागदपत्रं आणि विम्याची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात. डिजिलॉकरमधली कागदपत्रं ग्राह्य असतात, पण मोबाइलच बंद पडला तर तीही उघडत नाहीत.

● कागदावर ठळक अक्षरांत नंबर: संकटकाळी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, चेन्नई महापालिकेसाठी १९१३, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. विमा कंपनी, ओळखीचा मेकॅनिक आणि दोन नातेवाइकांचे नंबरही त्याच कागदावर.

पिशवीत एक वस्तू कधीच नको, ती म्हणजे कॅनमधलं पेट्रोल. त्याऐवजी इशारा मिळताच टाकी भरून घ्यावी. पूर आला की पंपांवर रांगा लागतात.

‘तण्णी एव्वळवु?’

चेन्नईत नवख्या चालकानं तमिळ शिकायला सुरुवात करावी ती या दोन शब्दांपासून. ‘तण्णी एव्वळवु?’ म्हणजे ‘पाणी किती?’ कोपऱ्यावरच्या चहावाल्याला किंवा रिक्षावाल्याला विचारलं की तो गुडघ्याला किंवा कमरेला हात लावून दाखवतो. त्या खुणेला भाषा लागत नाही, आणि नकाशावरच्या हिरव्या रेषेपेक्षा त्याच्या हातावर विश्वास ठेवावा. ‘पुयल’ म्हणजे वादळ, ‘वेळ्ळम’ म्हणजे पूर आणि ‘उदवि’ म्हणजे मदत. एवढे शब्द घरातल्या मुलांनाही यायला हवेत.

नुंगम्बाक्कमच्या हवामान केंद्राचे इशारे रंगांत येतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे पावलं उचला. दिवसात २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस होईल असं दिसतं तेव्हा लाल इशारा दिला जातो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. यावरून लहानशा गच्चीवर, आणि पुढे सबंध शहरावर किती पाणी पडणार याचा हिशेब शाळकरी मूलही करू शकेल.

लाल इशाऱ्याच्या दिवशी गाडी काढूच नये. नारिंगीच्या दिवशी काढावी लागली तर रेल्वेखालून जाणारे रस्ते टाळावेत. चेन्नईत त्यांना ‘सबवे’ म्हणतात. टी. नगरचा दुरैसामी सबवे, रंगराजपुरम सबवे, व्यासरपाडीचा गणेशपुरम सबवे हे जोरदार पावसात बंद करावे लागतात. अडथळा लावला असेल तर तो बाजूला सारून जाण्याचा मोह जिवावर बेतू शकतो. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली रस्ता किती खोल उतरला आहे, ते दिसत नाही.

साधा हिशेब असा: पाणी चाकाच्या मध्यापर्यंत पोचलं असेल तर मागे फिरावं. पाणी वाहतं असेल तर त्याहून कमी खोलीतही जाऊ नये. साधारण एक फूट वाहतं पाणी लहान मोटार ढकलून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना उचलतं. गाडी कितीही जड असली तरी पाण्यात तिचं वजन हलकं होतं. मोठ्या एसयूव्हीच्या मालकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

थोड्या पाण्यातून जावंच लागलं तर पहिल्या गिअरमध्ये, एकाच संथ गतीनं, रस्त्याच्या मधून जावं. मध्यभाग कडांपेक्षा उंच असतो. पाण्यात गिअर बदलू नये. समोरची गाडी पार होईपर्यंत थांबावं आणि बसच्या मागोमाग तर मुळीच जाऊ नये, कारण तिच्या चाकांनी उठवलेली लाट थेट बॉनेटवर येते. वेगानं पाणी उडवत जाणाऱ्या चालकाला वाटतं आपण लवकर सुटलो. खरं तर तो स्वतःच पाणी हवेच्या तोंडापर्यंत चढवत असतो. पलीकडे पोचल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून वाळवून घ्यावेत.

बंद पडली? मग बंदच राहू द्या

गाडी पाण्यात गचका देऊन थांबते, मागून हॉर्न वाजायला लागतात. मुलं घाबरतात. हात आपोआप चावीकडे किंवा बटनाकडे जातो. नेमकी हीच वेळ हात आवरण्याची असते.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या वर-खाली होतो आणि हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी मात्र दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असताना स्टार्टर मारला, तर वर येणारा दट्ट्या पाण्यावर आदळतो. पाणी हटत नाही, म्हणून दट्ट्याला जोडलेला दांडा वाकतो, कधी तुटून इंजिनाचा ठोकळाच फोडतो. डिझेल इंजिनात हवा अधिक दाबली जाते, त्यामुळे तिथे धोका आणखी मोठा. न छेडलेलं इंजिन मेकॅनिक पाणी काढून, ऑइल आणि फिल्टर बदलून बहुधा परत उभं करतो. छेडलेल्या इंजिनाचा खर्च मात्र लाखाच्या घरात जाऊ शकतो. दोन्हींमध्ये फरक फक्त एका चावीचा असतो.

म्हणून गाडी बंद पडली की चावी काढावी, धोक्याचे दिवे लावावेत, पाणी वाढत असेल तर माणसांना उतरवावं आणि पिशवी घेऊन उंच जागा गाठावी. काचा बंद करून, एसी लावून पाणी ओसरण्याची वाट पाहत बसणं हे सर्वांत वाईट. धुराचं तोंड पाण्यानं अडलं आणि इंजिन चालू राहिलं, तर कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू आत साठू शकतो. बर्फाच्या मुलुखातही हेच घडतं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं मेली. त्यांतली काही थंडीनं नव्हे, तर याच वायूनं गेली असं सांगितलं गेलं.

गाडी तरंगू लागली तर फोन करण्यात वेळ घालवू नये. पट्टे सोडायचे, लगेच काच खाली करायची, आधी मुलांना बाहेर काढायचं आणि मग आपण निघायचं. बाहेर पाणी चढलं की दाबामुळे दार उघडत नाही. विजेवर चालणारी काच अडकली तर हातोडा बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायचा. समोरची काच दोन थरांची असते, ती फुटून पडत नाही.

दुचाकी आणि विजेवरची गाडी

स्कूटरच्या हवेच्या फिल्टरमध्ये पाणी गेलं की तिची गतही मोटारीसारखीच होते. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये तर पट्टा ओला होऊन घसरतो. इशारा आला की स्कूटर उंच ओट्यावर, मधल्या स्टँडवर उभी करावी. वाहत्या पाण्यात दुचाकी ढकलत नेण्याचा हट्ट नको. सहा इंच वाहतं पाणीही मोठ्या माणसाचे पाय उखडू शकतं.

विजेवरच्या गाडीला हवेचं तोंड नाही, म्हणून ती पाण्याला भीत नाही असा समज पसरला आहे. अनेक बॅटऱ्यांवर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी झाली आहे, एवढाच. दोन दिवस गढूळ किंवा खाऱ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला तो लागू नाही. अशी गाडी चार्जिंगला लावू नये, घरापासून दूर मोकळ्या जागी ठेवावी आणि कंपनीच्या माणसाला बोलवावं. पाणी शिरलेली बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते.

विम्याची बारीक अक्षरं

कायद्यानं सक्तीचा असतो तो फक्त ‘थर्ड पार्टी’ विमा. त्यात स्वतःच्या बुडालेल्या गाडीचा एक पैसाही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत पूर आणि वादळाचं नुकसान धरलेलं असतं, पण पाण्यात इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्यानं झालेली मोडतोड त्यात सहसा बसत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्शन’ नावाची जोड घ्यावी लागते. ती बहुधा नूतनीकरणाच्या वेळीच आणि ठरावीक वयाच्या गाडीलाच मिळते. आकाश काळं झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. पॉलिसी आजच काढून वाचावी.

गाडी बुडाली तर पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढावेत, कंपनीला लगेच कळवावं आणि सर्वेक्षक येईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नये. बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. ओढून न्यायची झाल्यास चारही चाकं उचलून, ट्रकवर चढवून न्यावी. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय हे नक्की. आणि बॉनेट उघडताना जरा जपून, पुरात सापही कोरडी जागा शोधत असतात.

धुकं आणि भोगीचा धूर

जानेवारीत पाऊस सरतो आणि पोंगलच्या सुटीत कुटुंबं तिरुपती, कांचीपुरम, पुद्दुचेरीकडे निघतात. तेव्हा पहाटेचं धुकं आडवं येतं. पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, घरातल्या जुन्या वस्तू जाळायची प्रथा आहे. तो धूर धुक्यात मिसळून कधी कधी विमानांनाही उशीर होतो. अशा पहाटे हेडलाइट खाली वळवलेलेच ठेवावेत. प्रखर झोत धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो. अंतर वाढवावं, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरावी, आणि काहीच दिसेनासं झालं तर महामार्गावर कुठेही न थांबता पेट्रोल पंप किंवा हॉटेलचं आवार गाठावं. ऊन वर येईपर्यंत एक फिल्टर कॉफी होते.

घरात ठरवून ठेवायची गोष्ट

एवढी सगळी तयारी करूनही एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. नवरा जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरच्या कार्यालयात, बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलं शाळेत आणि आजी-आजोबा घरी. दुपारी आभाळ फाटतं आणि चौघंही एकमेकांना आणायला निघतात. संध्याकाळी चौघंही चार वेगवेगळ्या ठिकाणी पाण्यात अडकलेले असतात. म्हणून हंगामाआधी एका रविवारी सगळ्यांनी बसून ठरवावं: पाणी भरलं तर जो जिथे आहे तो तिथेच, वरच्या मजल्यावर थांबेल. शाळेजवळच्या कोणत्या ओळखीच्या घरी मुलं जातील, फोन लागला नाही तर गावाकडच्या कोणत्या नातेवाइकाला सगळ्यांनी निरोप द्यायचा, तेही ठरवावं. पुराच्या भागातलं जाळं कोलमडलं तरी थोड्या वेळासाठी मिळालेल्या रेंजमध्ये एखादा संदेश बाहेर जाऊ शकतो.

गाडी हप्त्यांवर घेतलेली असते. अजून तीन-चार वर्षांचे हप्ते बाकी असतात, म्हणून पाणी कमरेला आलं तरी ती सोडून जायला मन तयार होत नाही. पण गाडीचा विमा असतो, तिचे सुटे भाग मिळतात आणि पुढच्या आयुध पूजेला दारात दुसरी गाडीही उभी राहू शकते. पाणी चढू लागलं की पिशवी उचलावी, मुलांचा हात धरावा आणि गाडीकडे वळून न बघता जिना चढावा.